खुलासा: सर्व्हिसेस फाइलमध्ये ‘टेलनेट’ दिसलं म्हणजे पोर्ट उघडा नव्हे

‘लिनक्सच्या ईटीसी डिरेक्टरीतली सर्व्हिसेस फाइल उघडा, टेलनेट २३ अशी ओळ दिसली तर तुमचं मशीन धोक्यात आहे, ती ओळ लगेच उडवा’ असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे. (टेलनेट म्हणजे दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची जुनी, असुरक्षित सेवा; २३ हा तिचा पोर्ट, म्हणजे मशीनवरचं सेवेचं क्रमांकित दार.)

ती फाइल म्हणजे सेवांची नावं आणि त्यांचे ठरलेले पोर्ट क्रमांक यांची निव्वळ यादी: एसएसएच (सुरक्षित दूरस्थ लॉगिन) २२, एचटीटीपी (वेबसाइट) ८०, एचटीटीपीएस (सुरक्षित वेबसाइट) ४४३. नाव टेलिफोन डिरेक्टरीत छापलंय म्हणून माणूस घरी असतोच असं नाही, तसंच हे. विंडोजमध्येही अशी फाइल असते, तिथेही ती कुठलीच सेवा चालू करत नाही. ओळ पुसल्याने पोर्ट बंद होत नाही. उलट नावावरून क्रमांक शोधणारा एखादा प्रोग्रॅम अडतो.

गंमत म्हणजे नेटस्टॅट हा मशीनच्या नेटवर्क जोडण्या दाखवणारा प्रोग्रॅमही नाव याच यादीतून उचलतो. कुणी एसएसएच ४४३ वर चालवलं, तर समोर ‘एचटीटीपीएस’ दिसेल! म्हणून एन हा पर्याय देऊन क्रमांकच पाहावेत. खरोखर कुठला प्रोग्रॅम कुठल्या पोर्टवर ऐकतोय, म्हणजे जोडणीची वाट पाहतोय, ते लिनक्सवर ‘एसएस’ कमांडला टी, एल, एन, पी हे पर्याय देऊन कळतं. प्रक्रियांची (चालू प्रोग्रॅमची) नावं हवी असतील तर कमांडआधी सुडो लावा, म्हणजे ती प्रशासकाच्या अधिकारांनी चालते. तिथे २३ दिसला, तर मात्र ती सेवाच बंद करा.