‘अशा मुलांमुळे वर्ग मागे पडतो’ म्हणणाऱ्यांना

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. मला तो तिघांनी पाठवला, त्यात एक माझी सख्खी जाऊ. मेसेजचं म्हणणं असं : विशेष मुलांना साध्या शाळेत घातल्याने बाकीच्यांचं नुकसान होतं, त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत, तिथंच ती सुखी असतात, परीक्षेत त्यांना फुकटचे मार्क मिळतात, प्रवेश नाकारणं हा शाळेचा अधिकार आहे. शेवटी ‘शाहूनगरीतल्या शाळांचा दर्जा वाचवा’ म्हणून मुख्याध्यापकांना द्यायच्या पत्रावर सह्या मागितल्यात.

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. अनुदानित मराठी शाळेत चौथीत शिकतो. म्हणून मी उत्तर देतेय.

अधिकाराचं आधी, कारण ते लवकर संपतं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं 16 वं कलम सांगतं की, सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि इतर मुलांबरोबरच शिकवायचं. 31 वं कलम सांगतं की, 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं. पसंती मुलाची, शाळेची नव्हे. हे मला ठाऊक नव्हतं, तेव्हा एका शाळेच्या ऑफिसात ‘आमच्याकडं सोय नाही’ ऐकून मी पोराचा हात धरून मुकाट्याने बाहेर आले होते.

आता नुकसानीचं. बाई पूर्वी एका दमात सांगायच्या, ‘वह्या काढा, तारीख घाला, पान बावन्न उघडा, पहिली पाच गणितं उतरवून घ्या.’ माझा मुलगा वही काढायचा आणि तसाच बसून राहायचा. चार सूचना एकदम आल्या की त्याला पहिलीच धरून ठेवता येते. मग बाई एकेक सूचना द्यायला लागल्या. दिवसभराचे तास फळ्याच्या कडेला लिहून ठेवायचे, झाला तास की पुसायचा, एवढं सुरू केलं. मागच्या बाकावरच्या ज्या दोघातिघांच्या वह्या कायम अर्धवट असायच्या, त्यांचीही गणितं आता उतरून होतात. हे मला बाईंनीच सांगितलं.

दुसरं टोलाचं. टोल पडला की तो कान दाबून बाकाखाली शिरायचा. मेसेजमध्ये ‘वर्गात गोंधळ घालतात’ असं लिहिलंय, तो गोंधळ हा. आता टोल पडायच्या जरा आधी शेजारचा मुलगा त्याच्या वहीवर बोट टेकवतो. हा कान झाकून घेतो, टोल होतो, हात खाली येतात. ही युक्ती मी शिकवलेली नाही, बाईंनीही नाही. त्या नऊ वर्षांच्या पोराने ती आपणहून काढली.

सगळे दिवस असे जात नाहीत. कधी तो ओरडतो, वर्ग दहा मिनिटं थांबतो, आणि एकट्या बाईंची ओढाताण होते. ‘शिक्षकाने एकट्याने काय काय करायचं?’ ही मेसेजमधली ओळ खरी आहे. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये याच प्रश्नावर प्रमाण ठरवायला सांगितलं आणि 2022 मध्ये केंद्र सरकारने ते ठरवलं : प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. आमच्याकडच्या विशेष शिक्षिका कितीतरी शाळा फिरतात, आमची पाळी येईपर्यंत दिवस जातात. माणूस कमी आहे, ही तक्रार माझीही आहे. तिचं उत्तर मूल कमी करणं हे कसं?

विशेष शाळांना माझा विरोध नाही. माझ्या मैत्रिणीची मुलगी तिथंच बोलायला लागली, साध्या शाळेत ती कोमेजली होती. पण तो निर्णय तिच्याकडं बघून झाला, वर्गातल्या इतरांच्या सोयीसाठी नाही.

आता मेसेजमधले ‘फुकटचे मार्क’. बोर्डाच्या परीक्षेत पात्र मुलाला तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, गरज असेल तर लेखनिक मिळतो. लेखनिक मुलाने सांगितलं तेच लिहितो. उत्तर चुकलं की मार्क जातातच.

राहिले शाहू महाराज. त्यांचं नाव या पत्राखाली बघून मला फार लागलं. 1917 मध्ये त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सगळ्यांच्या शाळेत बसवलं. दिव्यांगत्व आणि अस्पृश्यता एक नव्हे, हे मला कळतं. पण ‘आमच्या पोरांशेजारी नको’ हे वाक्य त्या वेळीही याच गावात बोललं गेलं असणार, आणि महाराजांनी ते ऐकून घेतलं नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे आपणच. पुढच्या बैठकीला पत्र न्यायचंच असेल तर त्यात विशेष शिक्षकाची मागणी लिहा. पहिली सही माझी घ्या. जाऊबाईंना मी हेच कळवलंय.