मिरची झाडून घ्या म्हणे!

लग्न शेजाऱ्यांच्या घरात आणि भोग आमच्या गच्चीला! वर्षाची चटणी करायची म्हणून संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची जुन्या लुगड्यावर वाळत घातली होती. देठं काढून झाली होती, कांडपात नंबर लावला होता. आणि सकाळी सकाळी शेजारच्या वाड्यात घासायचं मशीन घुर्रर्र करून सुरू! दारं, चौकटी, खिडक्यांचे गज, सगळा जुना ऑईलपेंट कोरडाच घासायला काढलेला. ना पाणी, ना पडदा. तासाभरात मिरचीवर हिरवट पांढरी पिठी. बोट फिरवलं तर रेघ उमटते. सुरकुत्यांत, देठाच्या भोकांत, सगळीकडं तेच.

पेंटरला हाक मारली तर मान वर न करता म्हणतो, "धूळच हाय न्हवं काका, झाडून घ्या की मिरची." मालक चहाचा कप घेऊन बाहेर आले. "अहो, आम्ही ह्याच घरात वाढलो. काय झालं आम्हाला?" काय झालं ते गल्लीत कुणालाही विचारा, मी तोंड आवरतो.

झाडून घ्या! आणि धुळीत शिसं असलं तर? तो रंग काय काल दिलाय? आजोबांपासून दर लग्नाला एक थर चढलाय त्या दारांवर. घरगुती रंगात दशलक्षात ९० भागांच्या वर शिसं नको, हा नियम लागू झाला नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधी रंग भडक दिसावा, लवकर वाळावा म्हणून शिसं बिनधास्त घालायचे. आणि आपल्याला तर भडकच लागतो! दारावर होतं तोवर निदान गप्प होतं. आता पीठ करून वाऱ्यावर सोडलं. त्याच वाड्यात नातवंड रांगतंय, हात कायम तोंडात. मोठ्यांपेक्षा चार-पाच पट शिसं लहान पोरांच्या अंगात मुरतं. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं, मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. सुरक्षित अशी मात्राच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगून थकली. पण पाहुण्यांना दाराचा पोपडा दिसला तर इज्जत जाते ना! दोन बादल्या पाणी मारून घासलं असतं, खाली प्लास्टिक टाकलं असतं, तर काय बिघडलं असतं? कोल्हापुरात पाण्याचा तोटा आहे काय? पावसाळ्यात न बोलावता दारात येतं.

हे सगळं मी कठड्यावरनं ओरडून सांगत होतो. अंगात बनियन, हातात झाडू. गल्लीतली चार पोरं मोबाईल काढून उभी. घरातनं आवाज आला, "अहो, बीपीची गोळी राहिलीय, आधी खाली या." शिशानं मोठ्या माणसांचं बीपी वाढतं, हेही मी तिथूनच ऐकवलं. "तुमचं शेजाऱ्यांनी वाढतंय," म्हणाली. पोरं हसली. आता गल्लीत माझं नाव 'शिसेकाका' पडलंय.

पडू दे. बॅटरीवरनं भांडलो तेव्हाही हसलेच होते. दुकानदार जुनी बॅटरी परत घेतो. २००१ च्या नियमानं त्याला घ्यावीच लागायची, २०२२ मध्ये नवा नियम आला, त्यानं ती जबाबदारी बॅटरीच्या कंपनीवर टाकली. तरी चार पैसे जास्त मिळतात म्हणून आमची माणसं ती देणार गाडीवरच्या भंगारवाल्याला. तो घणानं फोडणार, ॲसिड गटारीत, गटार नाल्यात, नाला पंचगंगेत. मग पंचगंगेच्या नावानं आपणच गळा काढणार. आतल्या शिशाच्या प्लेटा कुठंतरी उघड्यावर वितळवायच्या. शिसं ३२७ अंशाला वितळतं, त्याला साधी चूल पुरते. धूर वस्तीत, राख मातीत. मातीतलं शिसं कुजत नाही, विरत नाही. आपल्याकडं पेट्रोलमधलं शिसं २००० साली बंद झालं, पण आधी धुरातनं पडलं ते रस्त्याकडेच्या मातीत आहेच. हळदीचं तर बोलायलाच नको. पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, मिसळणारे महाभाग आहेत, आणि सांगली हाकेच्या अंतरावर असून आम्ही रंग बघून सुटी हळद घेतो! डॉल्बीवाल्यांचं आणि गल्लीच्या तोंडाला आडवी बुलेट लावणाऱ्यांचं नंतर कधीतरी, आज दम संपला.

वाड्यात लग्नासाठी इन्व्हर्टरही नवा बसतोय. जुनी बॅटरी ओसरीवर काढून ठेवलीय. मी म्हटलं, दुकानात मी पोचवतो, रिक्षाभाडं माझं. मालक म्हणतात, "भंगारवाला शंभर जास्त देतोय, ते तुम्ही देणार काय?" देतो की! घ्या म्हणावं, आत्ता घ्या!