म्हणे, उसवा आणि पुन्हा विणा!

मोहेरचा टाका चुकला की जो तो सांगतो, "उसवा आणि पुन्हा विणा." कसं उसवणार? ही अंगोरा शेळीच्या केसांची लोकर! एका टाक्याचे केस शेजारच्या टाक्यात गुंतून बसतात. जोरात ओढलं की धागा तुटतो, नाहीतर गाठ बसते. मुळात त्या केसाळपणात चुकलेला टाका दिसतो तरी कुठे?

त्यात गोव्याचा जुलै. हात घामेजलेले, लोकर दमट, सुईवरून टाका सरकत नाही. पंखा लावला तर तुसं थेट नाकात! दुकानात मोहेर मागा, केसाळ ॲक्रिलिक हातावर ठेवतात. लेबल वाचायला काय जातं?

वर शेजारीण विचारते, "काकी, गोव्यात लोकर कशाला?" अगो, दिल्लीच्या थंडीत माझी नात कुडकुडते, तिला नको?