पंच्याहत्तर टक्के कुणासाठी?

परत तेच! सत्र संपत आलं की कॉलेजच्या बोर्डावर ७५ टक्क्यांपेक्षा कमी हजेरी असलेल्यांची डिफॉल्टर यादी लागते आणि तिच्यात दरवर्षी तीच मुलं, अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडून एसटीनं येणारी. साडेसातचा तास. गाडीला दहा मिनिटं उशीर झाला की वर्गाचं दार बंद, गैरहजेरी पक्की. माझी मैत्रीण पहाटे उठून आईला विड्यांची पानं कातरून देते, मग स्टँड गाठते. तिची हजेरी ७१ टक्के. सरांनी तिला सगळ्या वर्गासमोर उभं करून विचारलं, "शिकायचंय का नाही गं तुला?" ती खाली मान घालून उभी. अंगाची लाही लाही झाली माझ्या.

आणि ज्यांच्या वडिलांची ओळख आहे, त्यांची हजेरी परीक्षेचा फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी बरोबर ७५ होते. कशी होते ते सगळ्यांना माहीत आहे.

नियमाला माझा विरोध नाही, वर्गात यायलाच हवं. पण सर स्वतः वीस मिनिटं उशिरा येतात, त्याची नोंद कुठल्या मस्टरवर होते?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच हवी, आणि तिनं तक्रार आल्यापासून शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समितीत कोण आहे, एवढंच ऑफिसात विचारलं. "प्राचार्यांना विचारा." प्राचार्यांच्या केबिनबाहेर दोन तास बसलो, भेट नाही. उद्या लेखी अर्ज घेऊन जाणार आहोत. पोच मिळाल्याशिवाय तिथून हलणार नाही.