फिशफाइंडरला वायर जोडली म्हणजे नकाशा झाला?

‘साध्या फिशफाइंडरला लॅपटॉप जोडा, खाडीत दोन फेऱ्या मारा, तळाचा अचूक नकाशा तयार!’ असा मेसेज बोटवाल्यांत फिरतोय. फिशफाइंडर म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून खोली दाखवणारं यंत्र. आकडे मिळतात, एवढं खरं.

‘कुठलंही यंत्र चालतं.’ नाही चालत. एनएमईए ०१८३ चं, म्हणजे बोटीवरच्या यंत्रांनी एकमेकांना आकडे पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीचं, आउटपुट हवं. स्वस्तातल्या बऱ्याच यंत्रांत खोली पडद्यावरच राहते, बाहेर येत नाही. आउटपुट असेल तर यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावा, आकडे येण्याचा वेग बहुधा ४८०० बॉड ठेवा, आकड्यांच्या ओळी येऊ लागतात.

‘आकडे तसेच नकाशात टाका.’ जीपीएसच्या ओळीत अलिबागचा अक्षांश १८३८.४००० असा दिसतो. म्हणजे १८ अंश ३८.४ मिनिटं, दशांशात १८.६४. घाईत १८.३८४ वाचलात तर बोट २८ किलोमीटर दक्षिणेला, काशीद ओलांडून मुरुडच्या वाटेवर! खोलीची डीबीटी ओळ (अनुदानाची नव्हे) त्यामानाने सरळ: तीच खोली फूट, मीटर आणि फॅदम म्हणजे आपल्या वावांत: २४.६, ७.५, ४.१.

‘पडद्यावर दिसते तीच खोली.’ ती ट्रान्सड्यूसरपासून, म्हणजे पाण्यात बुडालेल्या, आवाज सोडणाऱ्या भागापासून मोजलेली असते. तो जितका बुडालेला, तितकं मिळवायचं. हे किरकोळ. भरती-ओहोटी किरकोळ नाही. मुंबईच्या आसपास उधाणाला पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं, तेव्हा वेळेशिवाय ‘साडेसात मीटर’ला काही अर्थ नाही. त्या वेळचं भरतीचं पाणी तक्त्यात बघून वजा करावं लागतं. वेळ जीपीएसच्या ओळीत असते, पण यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. आणि भरतीपासून ओहोटी साधारण सव्वासहा तासांवर! मी पहिल्यांदा तीच वेळ भरतीच्या तक्त्यात शोधली. भरतीला मोजलेल्या खोलीतून ओहोटीची वजावट झाली, आणि जिथे ओहोटीला चिखल उघडा पडतो तिथे माझ्या नकाशात तीन मीटर पाणी.

‘एका मीटरची अचूकता.’ साध्या जीपीएसची चूक काही मीटरची. त्यात अँटेना केबिनवर, ट्रान्सड्यूसर मागे. शिवाय आवाजाचा झोत २० अंशांचा असेल तर १० मीटरवर तो साडेतीन मीटरचं वर्तुळ व्यापतो. त्यातला उंच खडक आधी प्रतिध्वनी देतो, शेजारचा खड्डा बहुतेक नोंदलाच जात नाही.

आता निघण्याआधी मी जेटीपाशी शिसं बांधलेली दोरी सोडून पडद्यावरचा आकडा ताडून बघतो. परवा हातभर फरक निघाला. ट्रान्सड्यूसरही तेवढाच बुडालेला होता.