ग्रिफिनला बोलावणं चुकलं नाही, बोलावून जे केलं ते चुकलं

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून दुसऱ्यांदा.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऑक्टोबर २००९ मध्ये बीबीसीने 'क्वेश्चन टाइम' या चर्चेच्या कार्यक्रमात ब्रिटिश नॅशनल पार्टी या अतिउजव्या पक्षाचा नेता निक ग्रिफिन याला बसवलं, त्याची मी पाठराखण केली. 'पुढे तो पक्ष संपलाच की' हा सोयीचा पुरावा दिला आणि फ्रान्सचं नावही काढलं नाही. द्वेष पसरवणाऱ्याच्या हाती माइक देणं ही तटस्थता नव्हे, पळपुटेपणा आहे, असा तुमचा शेवट.

फ्रान्सबद्दल तुमचं बरोबर आहे. १३ फेब्रुवारी १९८४ ला 'आंतेन द' या सरकारी वाहिनीने अतिउजव्या पक्षाचा नेता ज्याँ-मारी ल पेन याला मुलाखतीला बोलावलं. मध्येच तो उठून उभा राहिला आणि साम्यवादाच्या बळींसाठी त्याने मौन पाळलं. प्रश्न विचारणारे समोर नुसते बघत बसले. जूनमधल्या युरोपीय निवडणुकीत त्याच्या पक्षाला जवळजवळ ११ टक्के मतं आणि १० जागा मिळाल्या. आता, द्र्यो या गावात त्या पक्षाने १९८३ मध्येच चांगली मतं घेतली होती, म्हणजे सगळी करामत कॅमेऱ्याची नव्हती. पण कॅमेऱ्याने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही.

'पक्ष संपला' हेही मी घाईत लिहिलं. २०१० च्या निवडणुकीत ग्रिफिन बार्किंगमध्ये हरला, एकही जागा मिळाली नाही, हे खरं. पण देशभरात पक्षाला ५ लाख ६० हजारांवर मतं पडली. २००५ मध्ये ती दोन लाखांच्याही आत होती. उमेदवार तेव्हापेक्षा खूप जास्त होते, तरीही याला संपणं म्हणत नाहीत. पक्षाची वाताहत त्यानंतर झाली, आणि तिच्यामागे आपसातली भांडणं होती, युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या युकिप पक्षाने ओढून नेलेले मतदार होते. टीव्हीला त्याचं श्रेय मी फुकट देऊन टाकलं.

तरी ग्रिफिनला दार बंद करायला हवं होतं, हे मला अजून पटत नाही. जून २००९ मध्ये त्या पक्षाचे दोघे युरोपीय संसदेवर निवडून गेले होते, ९ लाखांहून जास्त मतांवर. त्या मतदारांच्या घरांतूनही बीबीसी ज्यावर चालते ते वर्षाला १४२.५० पाउंडांचं टीव्ही परवाना शुल्क जात होतं. पक्षावर बंदी घालायची तर ते संसदेचं काम, आमचं नाही, असं बीबीसीचे तेव्हाचे महासंचालक मार्क थॉम्प्सन म्हणाले होते. पळपुटेपणा मला इथे दिसत नाही. आणि सरकारने तसा हुकूम काढला की काय होतं, तेही ब्रिटनने पाहिलंय. १९८८ मध्ये उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून वेगळा करू पाहणाऱ्या शिन फेन पक्षाच्या नेत्यांचा आवाज टीव्ही-रेडिओवर ऐकवायला मनाई झाली. मग पडद्यावर तोंड हलायचं पक्षाध्यक्ष गेरी अ‍ॅडम्सचं आणि आवाज यायचा भाड्याच्या नटाचा. हा तमाशा १९९४ पर्यंत चालला.

माझी खरी तक्रार त्या कार्यक्रमाच्या बांधणीवर आहे, आणि मूळ लेखात मी ती नीट मांडली नाही. 'क्वेश्चन टाइम'मध्ये एरवी आठवड्याच्या बातम्यांवर बोलतात. त्या रात्री बहुतेक वेळ ग्रिफिनवरच गेला. जवळजवळ ८० लाख लोक बघत होते. तो वाईट बोलला, घामाघूम झाला, हे खरं. ज्यूंच्या नरसंहाराबद्दल मत का बदललं, हे सांगायला युरोपीय कायदा आड येतो, असं तो म्हणाला. न्यायमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी तिथेच सांगितलं की असा कायदा नाही. पण ग्रिफिनच्या पक्षाला मतं मिळाली ती तुमच्या सरकारच्या स्थलांतर धोरणामुळे का, असं विचारल्यावर हेच स्ट्रॉ गोलगोल बोलत राहिले. त्या कार्यक्रमातला मला सर्वात महागात पडलेला वाटतो तो हा क्षण. दुसऱ्या दिवशी ग्रिफिनने 'झुंडीने घेरलं' म्हणून गळा काढला, आणि तशी सोय बीबीसीनेच त्याला करून दिली होती.

गोंगाटानेही हेच साधतं. जुलै २०२५ मध्ये जर्मनीच्या एआरडी या सार्वजनिक वाहिनीवर एएफडी या अतिउजव्या पक्षाच्या नेत्या आलिस वायडेल यांची मुलाखत बर्लिनमध्ये उघड्यावर चालू होती आणि बाहेर निदर्शकांनी लाउडस्पीकर लावले. प्रश्नही ऐकू येईनात. पाचातल्या एका मतदाराचं मत घेतलेल्या पक्षाची उलटतपासणी अशी वाया गेली.

तुम्ही बेल्जियमचा दाखला दिला असता तर मी जास्त अडचणीत आलो असतो. तिथली फ्रेंच भाषिक सार्वजनिक वाहिनी आरटीबीएफ अतिउजव्यांना थेट प्रक्षेपणात बोलू देत नाही. त्यांचं म्हणणं ध्वनिमुद्रित करून, संदर्भासह दाखवते. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांचं शपथविधीचं भाषणही तिने थोडं थांबवून दाखवलं. ट्रम्पपर्यंत जाणं मला अती वाटतं. बेल्जियमच्या फ्रेंच भाषिक वालोनियात अतिउजवा पक्ष रुजला नाही आणि डच भाषिक फ्लांडर्समध्ये व्लाम्स बेलांग हा तसा पक्ष फोफावला, हा फरक एका वाहिनीच्या नियमाने पडला असंही मी मानत नाही. फ्लेमिश राष्ट्रवादाचा इतिहास जुना आहे. पण 'थेट नको' एवढा भाग मी उचलीन. ल पेनचं ते मौन ध्वनिमुद्रित मुलाखतीत चाललं नसतं. एक तयारीचा मुलाखतकार, आकडे हाताशी, आणि प्रश्न फक्त वंशद्वेषावर नव्हे तर घरं, पेन्शन, कर यांवरही. तिथे या पक्षांची पाटी बरेचदा कोरी असते.

मूळ लेखातलं 'पक्ष संपला' हे वाक्य आज खोडलंय, आणि फ्रान्सचा परिच्छेद तारखेसह जोडलाय. शीर्षक तसंच ठेवतोय. त्यावर भांडायचं असेल तर जरूर या.