इंग्लिश पोरांची वाट परदेशी प्लेअर अडवत नाहीत

फुटबॉलमध्ये इंग्लंड हरलं रे हरलं की लगेच सुरू, त्यांच्या क्लबांच्या प्रीमियर लीगमध्ये सगळे परदेशी भरलेत, मग इंग्लिश पोरांनी खेळायचं कुठे. आपल्याकडचे आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड या क्लबांचे फॅनसुद्धा हेच बोलतात आणि मला ते अजिबात पटत नाही.

मला सांगा, १९७४ आणि १९७८ अशा लागोपाठ दोन वर्ल्ड कपला इंग्लंड क्वालिफायच झालं नाही, तेव्हा कुठे होते परदेशी? तिथल्या लीगमध्ये तेव्हा बाहेरचा म्हणजे फार तर स्कॉटिश, वेल्श नाहीतर आयरिश. अर्जेंटिनाचे आर्दिलेस आणि व्हिया टॉटनहॅम क्लबला आले तेच मुळी १९७८ चा वर्ल्ड कप संपल्यावर. म्हणजे सगळ्या जागा घरच्या पोरांसाठी मोकळ्या होत्या, तरी टीम घरीच बसली ना!

पुढे १९९९ च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, मॅनेजर व्हियालीच्या चेल्सी क्लबने साउदॅम्प्टनविरुद्ध अकराच्या अकरा परदेशी उतरवले, मग २००७ ला घरच्या वेम्बली स्टेडियमवर क्रोएशियाकडून ३-२ हरून इंग्लंडचा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांचा कप, हुकला, तेव्हा तर परदेशी कमी करा म्हणून केवढी ओरड झाली. पण फरक पडला तो कशाने? क्लबांच्या अकॅडमी, म्हणजे लहान पोरांना घडवणाऱ्या शाळा, सुधारल्या त्याने. २०१२ पासून नवीन योजना आली, लहान पोरांना कोचिंगचे तास वाढले, आणि २०१७ या एकाच वर्षात अंडर-२० आणि अंडर-१७ दोन्ही वर्ल्ड कप इंग्लंडने नेले. अंडर-१७ वाला तर आपल्याकडेच झाला, गोव्यात फातोर्ड्याला क्वार्टर फायनलमध्ये इंग्लंडच्या ब्रूस्टरने अमेरिकेविरुद्ध हॅटट्रिक मारली आणि कोलकात्याच्या फायनलला स्पेनविरुद्ध ०-२ मागे पडून ही पोरं ५-२ जिंकली. त्यातला फोडेन पुढे मँचेस्टर सिटीत डेव्हिड सिल्वा, डी ब्रुयने अशा परदेशी स्टार्ससोबत रोज ट्रेनिंग करत मोठा झाला, यापेक्षा चांगली शाळा कुठली असणार? नंतर सीनियर टीम २०२१ आणि २०२४ च्या युरो फायनलला पोचली, आणि तोवर लीगमध्ये निम्म्याहून जास्त प्लेअर परदेशीच होते.

अडचण आहे, नाही असं नाही, पण ती १८ ते २१ या वयात. मॅनेजरला चार मॅच हरल्यावर नोकरीची भीती, तो १९ वर्षांच्या पोरावर भरवसा कशाला टाकेल? म्हणून सँचो हा इंग्लिश पोरगा २०१७ लाच सिटी सोडून जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबला गेला.

आणि मला खरा राग आहे तो हिशोबाच्या नियमांचा. अकॅडमीतलं पोरगं विकलं की आलेली जवळजवळ सगळी रक्कम नफा म्हणून दाखवता येते, कारण त्याला विकत घ्यायला काही खर्चच झालेला नसतो. त्यामुळे क्लबला पैशाची चणचण लागली की पहिला नंबर घरच्या पोराचा. चेल्सीने २०२३ ला आपल्याच अकॅडमीतला माउंट युनायटेडला विकला. पुढच्या वर्षी तसाच घरचा गॅलाघर, त्याला स्पेनच्या ॲटलेटिको माद्रिदला पाठवलं, आणि हा गॅलाघर आदल्याच सीझनला त्यांच्या कितीतरी मॅचमध्ये कॅप्टन होता हो! इतक्या लहानपणापासून क्लबमध्ये वाढलेला, रोज खेळणारा पोरगा, त्याची जागा कुठल्या परदेशी प्लेअरने घेतली म्हणून तो गेला नाही. परदेशी प्लेअरची संख्या मोजत बसलेल्यांनी आधी हा नियम बदलायची मागणी करावी.